वाळू पकडायची, वारा सोडायचा

वाळवंटात वादळ उठले की वाळू आभाळाला भिडली, असे आपण म्हणतो. पण आभाळाला भिडते ती धूळ. पाव मिलिमीटरच्या आसपासची खरी वाळू जमिनीलगतच राहते. वाऱ्याने उचललेला कण जरासा वर जातो, वेग घेतो आणि तिरपा खाली आदळतो. त्या धक्क्याने आणखी कण उडतात. जड कण नुसते पुढे सरकतात. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाचे वाळवंट पालथे घालून आणि लंडनमध्ये वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून ही चाल उलगडली. 1941 साली त्याचे पुस्तक आले. सुमारे तीन चतुर्थांश वाळू उड्या मारत जाते आणि उरलेली सरपटत, हा त्याचा हिशेब.

ही वाळू मोजायची तर वाटेत सापळा लावायचा. सर्वांत साधा सापळा म्हणजे जमिनीत रोवलेली, एका बाजूला उभी फट असलेली नळी. फट 2 सेंटिमीटर रुंद असेल आणि तासाभरात आत 100 ग्रॅम वाळू साचली, तर मीटरभर रुंदीतून ताशी 5 किलो वाळू गेली.

गणित सोपे, अडचण वाऱ्याची. बंद नळीत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसली की ती तोंडाशीच तुंबते. मागून येणारा वारा बगल देऊन जातो आणि बरीच वाळूही त्याच्यासोबत निसटते. शिवाय नळीच्या बुडाशी भोवरे उठून वाळू उकरली जाते. म्हणजे मोजणारे साधनच मोजमाप बिघडवते.

अमेरिकेत टेक्सासमधल्या बिग स्प्रिंग इथे तयार झालेल्या सापळ्याने यावर तोड काढली. त्याच्या पत्र्याच्या डबीचे तोंड 2 सेंटिमीटर रुंद, 5 सेंटिमीटर उंच. आत मात्र ती पसरट होत जाते. जागा वाढली की हवेचा वेग मंदावतो, वाळू तळाच्या कप्प्यात पडते आणि हवा वरच्या बारीक जाळीतून निघून जाते. पाठीला शेपटासारखा पत्रा असल्याने वारा फिरला की डबीही फिरते. अशा डब्या एकाच खांबावर वेगवेगळ्या उंचीवर लावतात. जमिनीला टेकलेली वाळू मात्र त्यांच्या हाती लागत नाही. तिचा अंदाज वरच्या डब्यांतल्या वजनांवरून बांधावा लागतो.

नुसता वाऱ्याचा वेग मोजून का भागत नाही? बॅगनॉल्डच्या सूत्रानुसार जोरदार वारा दुप्पट झाला, तर वाळू जवळपास आठपट वाहते. त्यामुळे महिन्याच्या सरासरी वेगावरून काहीच कळत नाही; काही तासांची आंधी महिन्याचे काम उरकून टाकते. पश्चिम राजस्थानात उन्हाळी वाऱ्यांनी रस्ते आणि कालवे वाळूने बुजतात. तिथे झुडपांची रांग लावायची तर किती वाळू येते आणि कुठल्या दिशेने, हे आधी ठाऊक हवे. ते सांगायला डबीतल्या वाळूचे वजनच लागते.