फतवा, मुफ्ती आणि बेपत्ता नवऱ्याची पत्नी

मराठीत 'फतवा काढणे' या शब्दप्रयोगाला हुकूम सोडण्याचा अर्थ चिकटला असला, तरी मुळात फतवा म्हणजे कोणी विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने, म्हणजे धर्मशास्त्राच्या अधिकारी जाणकाराने, दिलेले उत्तर होय. १८६४ मध्ये इंग्रज सरकारने न्यायालयांतील काझी व मुफ्ती यांची पदे रद्द केल्यावर उलेमांकडे, म्हणजे धर्मविद्येच्या पंडितांकडे, राज्यसत्तेचा आधार उरला नाही. १८६६ मध्ये देवबंद येथे स्थापन झालेला मदरसा लोकवर्गणीवर चालला आणि टपालाने येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देणे हे तेथील विद्वानांचे मोठे काम झाले.

या प्रश्नांत सर्वांत जीवघेणा प्रश्न स्त्रियांचा होता. सुन्नी मुसलमानांत न्यायशास्त्राचे चार संप्रदाय असून कोकणी मुसलमान शाफी, तर उत्तर भारतातील बहुसंख्य हनफी संप्रदायाचे आहेत. नवरा परागंदा झाला, तर त्याच्या वयाची माणसे हयात असेपर्यंत पत्नीने वाट पाहावी, असे हनफी शास्त्र सांगे. म्हणजे तिचे आयुष्य त्यातच सरे. धर्मत्यागाने मात्र विवाह आपोआप संपुष्टात येत असल्यामुळे पंजाबात काही स्त्रियांनी केवळ सुटकेसाठी इस्लाम सोडला. ज्या शास्त्रात बाहेर पडण्यासाठी श्रद्धाच सोडावी लागते, त्याच्या रक्षकांना याहून कठोर प्रश्न कोणी विचारला नसेल.

देवबंदी परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी मदीनेतील मालिकी, म्हणजे त्या चारांपैकी आणखी एका संप्रदायाच्या, मुफ्तींशी पत्रव्यवहार करून, १९३० च्या दशकाच्या प्रारंभी 'अल-हीलतुन नाजिझा' हा ग्रंथ सिद्ध केला आणि बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मुदत ठरवणारा मालिकी नियम स्वीकारला. आपल्या संप्रदायाबाहेरचा नियम घेणे हे परंपरानिष्ठ पंडिताच्या दृष्टीने लहान पाऊल नव्हते. त्या धैर्यामागे धर्मत्यागाची भीती होती हे खरे असले, तरी त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात ही चार वर्षांची मुदत आली, दोन वर्षे पोषण न करणे हेही विच्छेदाचे कारण ठरले आणि पत्नीच्या धर्मत्यागाने विवाह आपोआप तुटणे बंद झाले. विच्छेदाचा निर्णय मुस्लिम न्यायाधीशाने, तो नसल्यास धर्मनिष्ठ मुसलमानांच्या पंचायतीने द्यावा, हा थानवींचा आग्रह मात्र कायद्यात उतरला नाही, म्हणून अनेक उलेमांना हा कायदा अपुरा वाटला. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्या स्त्रियांना मात्र न्यायालयाचा दरवाजा उघडला.