खालाजानची डबी आणि भाताचे तूस

मागच्या महिन्यात आम्ही दोघे रोह्याला खालाजानकडे गेलो होतो. चहा झाला तशी त्यांनी उशाखालून एक डबी काढली. "बेटा, तुम्ही शिकवणारी माणसं. वाचून सांगा, याने गुडघे थांबतील का?"

डबीवर लिहिले होते : सिलिका, केस, नखे व हाडांसाठी. दारावर आलेल्या एका बाईंनी ती दिली होती. किंमत खालाजानच्या महिन्याच्या दुधाच्या हिशेबाहून जास्त. त्याहून वाईट म्हणजे, ही गोळी सुरू झाल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेले कॅल्शियम त्यांनी बंद केले होते. "दोन-दोन कशाला?" म्हणाल्या.

सिलिका म्हणजे वाळू, गारगोटी आणि काच ज्याची बनते तो पदार्थ. पेण-रोह्याच्या माणसाला ती नवी नाही. कापणीच्या वेळी भाताची पात हाताला चिरते, ती सिलिकामुळेच. भाताचे पीक जमिनीतून ती भरपूर ओढून घेते आणि पातीत व तुसात साठवते. तूस जाळले तर साधारण पाचवा हिस्सा राख उरते, आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच असते. आमची आजी राखेने भांडी लख्ख करायची, त्यामागे हीच खरखर.

म्हणून राख फाकायची नाही! अशी कोरडी सिलिका पोटातून जशीच्या तशी निघून जाते. अंगी लागते ती पाण्यात विरघळलेली. ती पिण्याच्या पाण्यातून, न सडलेल्या तांदळातून, कोंड्यासकट धान्यातून, फरसबीतून रोज मिळते. पाश्चात्य माणसाच्या आहारातही ती दिवसाला २० ते ५० मिलिग्रॅम असते, मग तिन्ही त्रिकाळ धान्य खाणाऱ्या आपल्याला कमी कशी पडेल? माणसाला रोज किती लागते याचे प्रमाण अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या समितीने २००१ साली ठरवलेच नाही, कारण तेवढा पुरावा नव्हता.

हाडांचा दावा मात्र निव्वळ हवेतला नाही. अमेरिकेत २,८०० हून अधिक लोकांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. जेवणातून जास्त सिलिकॉन घेणारे पुरुष आणि पाळी चालू असलेल्या स्त्रिया यांची खुब्याची हाडे अधिक भरीव दिसली. पाळी गेलेल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. खालाजान पासष्टीच्या. शिवाय ती पाहणी जेवणाची होती, गोळीची नव्हे.

खालाजान म्हणाल्या, "पण हकीमसाहेब तबाशीर द्यायचे ना?" खरे आहे. तबाशीर, म्हणजेच वंशलोचन, बांबूच्या पेरात साठणारी सिलिकाच. युनानीत ती ताप, तहान, जळजळ यांवर दिली जाते, गुडघ्यांसाठी नव्हे. बाराव्या शतकात अल-इद्रीसीने लिहून ठेवले की आपल्या ठाण्याजवळच्या डोंगरांतले तबाशीर पूर्वेला-पश्चिमेला जाते. आणि लगेच हेही, की त्यात हस्तिदंताची राख मिसळून फसवतात. आठशे वर्षांपूर्वीची भेसळ! १७९१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हिंदुस्थानातून गेलेल्या तबाशीराची तपासणी मांडली गेली, तेव्हा ते गारगोटीच्या जातीचे ठरले.

डबी आम्ही उलटसुलट पाहिली. मागे बारीक अक्षरांत होते, 'औषधी उपयोगासाठी नाही'. हा इशारा अशा पूरक आहारावर छापावाच लागतो, दारावरची बाई तो वाचून दाखवत नाही. दुसरी गोष्ट कॅप्सूलच्या कवचाची. ते पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे असते. तपकिरी खूण एवढेच सांगते की माल मांसाहारी आहे. जनावर कोणते, हलाल की नाही, ते सांगत नाही. हे ऐकून मात्र खालाजानने डबी पटकन खाली ठेवली.

ज्यांच्या मूत्रपिंडांना त्रास आहे त्यांनी तर अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. सिलिका लघवीवाटे बाहेर पडते. सिलिकायुक्त आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या काहींना तिचेच खडे झाल्याची नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी खालाजानला डॉक्टरांकडे नेले. कॅल्शियम पुन्हा सुरू झाले, ड जीवनसत्त्वाची तपासणी लिहून दिली. पैसे काही परत मिळाले नाहीत. निघताना खालाजानने पोह्यांची पिशवी हातात दिली. "घ्या, यातही तुमची ती सिलिका असेलच!"