समुद्रातील वादळाचा इशारा व आमची सोंगणी

जाफराबाद तालुक्यापासून समुद्र फार दूर. सबब वादळाची वार्ता ही कोळी व खलाशी यांची बाब होय, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत किती घातक आहे, हे २०२१ सालच्या ‘गुलाब’ वादळाने दाखवून दिले.

ता. २६ सप्टेंबर २०२१, रविवार रोजी सायंकाळी हे वादळ आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यास थडकले. तेथून जाफराबाद आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वादळ जमिनीवर आले म्हणजे समुद्रापासून मिळणारी उष्णता व बाष्प तुटते आणि वाऱ्याचा जोर ओसरतो; परंतु वारा मंदावला म्हणून पाऊस सरला असे होत नाही. त्या वादळाचा अवशेष तेलंगणावरून पश्चिमेस सरकला, आणि ता. २७ व २८ रोजी मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. पुढे तोच अवशेष अरबी समुद्रात पुन्हा बळावून ‘शाहीन’ या नावाने ओमानवर गेला.

हे दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. कापून पसरलेले पीक दोन दिवस भिजत राहिले की शेंगांतच कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, आणि हंगामाची मेहनत व्यर्थ जाते.

भारतीय हवामानशास्त्र विभाग वादळाच्या सूचना चार टप्प्यांनी देतो. पहिल्या तीन अनुक्रमे ७२, ४८ व २४ तास अगोदर मुख्यतः किनाऱ्याकरिता असतात. चौथी वादळ जमिनीवर येण्यापूर्वी निदान १२ तास निघते; किनारा ओलांडल्यावर ते कोणत्या दिशेस जाईल व अंतर्भागात हवा कशी राहील, हे तीत सांगितलेले असते. आम्हां शेतकऱ्यांची खरी सूचना ती हीच. सोबतच्या नकाशातील रुंदावत जाणारा पट्टा वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवितो, पावसाची हद्द नव्हे. म्हणून आपला तालुका पट्ट्याबाहेर दिसला तरी निश्चिंत राहू नये.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची हवामानविषयक सल्ला पत्रिका मंगळवारी व शुक्रवारी निघते. ती उपयुक्त खरीच. परंतु रविवारी थडकलेल्या वादळाकरिता मंगळवारपर्यंत थांबणाऱ्याचे पीक तोवर पाण्यात गेलेले असते. यास्तव आंध्र-ओडिशा किनाऱ्याचा इशारा कानी पडताच जिल्ह्याचा अंदाज रोज पाहावा. उभे पीक कापण्याची घाई करू नये. कापलेल्या पिकाची उंचवट्यावर सुडी रचून ती ताडपत्रीने झाकावी, शेतातील चर मोकळे करावेत, आणि पूर्णा व केळणा यांच्या काठची जनावरे व मोटारपंप वर हलवावेत.

वादळ अडविणे कोणाच्याही हाती नाही. इशारा व पाऊस यांमधील एक-दोन दिवस मात्र आपल्या हाती असतात. ते दवडू नयेत, एवढीच शेतकरी बंधूंस विनंती आहे.