मातीतले कापड किती वर्षे टिकेल?

खताचे रिकामे प्लॅस्टिकचे पोते म्हसळ्याच्या उन्हात काही महिने पडून राहिले, की त्याचे धागे हाताने तुटू लागतात. रस्त्याचा भराव पावसात खचू नये म्हणून त्यात घालतात ते ‘भूवस्त्र’ही पुष्कळदा याच पॉलिप्रॉपिलीनचे असते. मग त्याचा भरवसा कसा धरायचा?

उन्हातील अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या लांब रेणुसाखळ्या तोडतात. ऑक्सिजन ही मोडतोड वाढवतो. मातीखाली किरण पोहोचत नाहीत, पण ऑक्सिजन थोडा पोहोचतोच. त्याला थोपवणारी द्रव्ये धाग्यात मिसळलेली असतात. ती संपली, की कापड दुबळे होऊ लागते.

पॉलिप्रॉपिलीनचा शोध 1950 च्या दशकातला. शंभर वर्षांचे कापड तपासायला मिळणार कुठून? म्हणून अभियंते नमुने निरनिराळ्या तापमानांच्या भट्ट्यांत ठेवतात. उष्णतेने ऱ्हासाचा वेग वाढतो. ठोकळमानाने दर 10 अंशांना दुप्पट. त्यावरून मातीच्या तापमानाला लागणारा काळ काढतात. हे गणित चुकले, तर भराव खचू शकतो.

तुम्हीही पाहा : एकाच पोत्याच्या दोन पट्ट्या कापा. एक छपरावर बांधा, दुसरी मातीत पुरा. सहा महिन्यांनी दोन्हींना वजने टांगा. आधी कोणती तुटते?