जपानी विद्यार्थी आणि इंग्रजीतील पदसंधी

जपानमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्यांत एक जुना विनोद प्रचलित आहे. ‘व्हॉट टाइम इज इट नाउ’ हे वाक्य पाठ्यपुस्तकातून शिकलेल्या विद्यार्थ्याने उच्चारले, तर ते इंग्रजी भाषकाला समजत नाही. परंतु त्याऐवजी ‘होत्ता इमो इजिरु ना’ असे त्वरेने म्हटले, की तो मुकाट्याने घड्याळाकडे पाहतो. या जपानी शब्दांचा अर्थ ‘खणून काढलेल्या कंदांशी चाळा करू नकोस’ एवढाच आहे. विनोदातील अतिशयोक्ती सोडून दिली, तरी त्यामागील ध्वनिशास्त्रीय तथ्य विचारात घेण्याजोगे आहे.

काताकाना लिपीत हे इंग्रजी वाक्य ‘होवात्तो ताइमु इझु इत्तो नाउ’ असे उतरते. जपानीत उच्चाराचे माप अक्षर नसून मात्रा हे होय. आपल्या छंदःशास्त्रातील मात्रेशी तिचे जवळचे साम्य आहे. या मापाने पाठ्यपुस्तकी वाक्याच्या १४ मात्रा भरतात. मूळ इंग्रजीत अक्षरे केवळ ५ आहेत. कंदांच्या वाक्यात ९ मात्रा आहेत; म्हणजे ते मुळाच्या पुष्कळच निकट येते. त्यातील ‘होत्ता’ मध्ये ‘व्हॉट’ व ‘टाइम’ यांचे दोन टकार एका द्वित्तात मिसळले आहेत, आणि ‘इजि’ मध्ये ‘इज’ चे अन्त्य व्यंजन पुढील शब्दाच्या स्वरास जाऊन मिळाले आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते ऐकणाऱ्याच्या कानांनी टिपले.

इंग्रजीच्या ओघवत्या उच्चारात व्यंजनान्त पदापुढे स्वरादि पद आले, की ते व्यंजन पुढील स्वराकडे ओढले जाते. ‘पिक इट अप’ याचे ‘पि-कि-टप’ होते. जपानी पद मात्र स्वरान्त असते, अथवा त्याच्या शेवटी एक विशिष्ट अनुनासिक असते. म्हणून विद्यार्थी परकीय शब्दाच्या अन्त्य व्यंजनास स्वराचा आधार देतो: टकार-डकारांना बहुधा ओकार, इतरांना बहुधा उकार. ‘पिक्कु इत्तो आप्पु’ असे झाल्यावर जोडण्यासाठी मोकळे व्यंजन उरतच नाही. हा आगंतुक स्वर केवळ जिभेवर नसून कानातही असतो. एमान्युएल द्युपू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘एब्झो’ व ‘एबुझो’ यांसारख्या निरर्थक शब्दांतील भेद फ्रेंच श्रोत्यांना सहज कळला. जपानी श्रोत्यांना मात्र तो ओळखणे फार कठीण गेले, कारण जेथे स्वर नव्हता तेथेही त्यांना तो ऐकू येत होता.

ही अडचण केवळ पंडिती नव्हे. जपानच्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक परीक्षेत २००६ पासून इंग्रजी श्रवणाची चाचणी आली, आणि २०२१ च्या नव्या परीक्षेत श्रवणाला वाचनाइतकेच, १०० गुण देण्यात आले. ‘पिक’, ‘इट’ व ‘अप’ हे तिन्ही शब्द वाचताना ज्याला ठाऊक आहेत, त्याला ‘पिकिटप’ हा एक अपरिचित शब्द भासतो. असे असूनही कित्येक मार्गदर्शक पुस्तकांत हा विषय ‘रिएझोन’ या फ्रेंच नावाखाली शेवटच्या प्रकरणात, अलंकारासारखा येतो. ते नावही फारसे यथार्थ नाही. फ्रेंचमध्ये एरवी मूक असलेले व्यंजन स्वरापूर्वी प्रकट होते. ब्रिटिश उच्चारातील ‘फार अवे’ मधला रकार सोडल्यास इंग्रजीत तसे क्वचितच घडते.

खरा पेच त्या अन्त्य अनुनासिकाचा आहे. येथे व्यंजन तयार आहे, स्वर जोडावा लागत नाही. मग संधी सुलभ व्हावा असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. हे अनुनासिक स्वतंत्र मात्रा व्यापते, आणि स्वरापूर्वी जीभ दन्तमूलास स्पर्शही करीत नाही. केवळ सानुनासिक स्वर उरतो. ‘किन्-एन’ म्हणजे धूम्रपाननिषेध व ‘किनेन’ म्हणजे स्मृती, हा भेद त्यावरच अवलंबून आहे. नकार पुढील स्वरात मिसळला तर अर्थ बदलतो, ही सावधगिरी जपानी भाषकाला बालपणापासून अंगवळणी पडलेली असते. इंग्रजीतील ‘ऑन एअर’ चा उच्चार ‘ऑ-नेअर’ होतो. जपानीत रूढ झालेला तोच शब्द मात्र ‘ओ-न्-ए-आ’ असा चार मात्रांचा आहे.

तथापि जपानी भाषेला संधीच माहीत नाही, असे मात्र नव्हे. ‘कान्’ व ‘ओन्’ मिळून ‘कान्नोन्’, अर्थात बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. ‘तेन्’ व ‘ओ’ मिळून ‘तेन्नो’, म्हणजे सम्राट. क्योगेन नाट्यात ‘कोन्निचि वा’ ऐवजी ‘कोन्नित्ता’ असा जुना उच्चार ऐकू येतो. या विकाराचे जपानी नाव ‘रेन्जो’. सिद्धम् लिपीचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेत हीच संज्ञा संस्कृत संधीसाठी योजली जात होती. आज तो नियम सजीव राहिलेला नाही. ‘रेन्-आइ’, म्हणजे प्रेम, याचे ‘रेन्नाइ’ होत नाही. तरीही ‘तेन्नो’ म्हणणाऱ्याला नकारावरून स्वरावर कसे जावे हे सांगावे लागत नाही, आणि शिक्षकांनी या ठेव्याचा उपयोग करून घ्यावा असे मला वाटते.

इतर साधनेही घरचीच आहेत. ‘ब्लॅक कॅट’ मधील दुहेरी ककार जपानी द्वित्ताने साधतो. ‘मीट यू’ चे ‘मीच्यू’ होणे त्यांना स्वाभाविकच वाटते, कारण जपानीतही इकारापूर्वीचा तकार ‘चि’ होतो. अमेरिकन उच्चारात दोन स्वरांमधील टकार जिभेच्या ओझरत्या स्पर्शाने निघतो, आणि जपानी रकारही तसाच. म्हणूनच ‘शटर’ चा ‘शात्ता’ झाला, पण ‘शट अप’ हे कानाने आलेले असल्यामुळे ‘शाराप्पु’ झाले.

काताकानात जोडउच्चार लिहून दाखविण्यास अनेक अध्यापक नाक मुरडतात. त्याने आगंतुक स्वर दृढ होतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु अनुनासिकाच्या बाबतीत तो लागू पडत नाही. तेथे फळ्यावर आरंभी ‘नेआ’ एवढेच लिहून म्हणवून घ्यावे, आणि ते जिभेवर बसल्यानंतरच त्यापूर्वी ‘ओ’ लिहावा. ‘ने’ हे अक्षर विद्यार्थ्याजवळ आहेच. हलवावयाची आहे ती केवळ शब्दाची सीमा.