अंडाशयाचा कर्करोग : 'कारण' म्हणजे नेमकं काय?

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातला कार्यकारणभाव पाहिला. आज तोच विचार एका आजाराला लावून पाहू. तो आजार म्हणजे अंडाशयाचा कर्करोग. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, डॉक्टर नव्हे. तेव्हा उपचारांबद्दल मी बोलणार नाही. पण हा आजार ज्या घरात येतो तिथे उपचारांच्या बरोबरीनं एक प्रश्न विचारला जातो : 'हिलाच का झालं?'

आणि त्या 'का'ची उत्तरंही घरात तयार असतात. लग्न उशिरा केलं, मूल होऊ दिलं नाही, गोळ्या घेतल्या, नाहीतर पूर्वजन्मीचं काही असेल. म्हणजे बाई आजारी आणि वर आरोपीही तीच. म्हणून 'कारण' या शब्दाचा अर्थ नीट लावायला हवा.

अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'तली व्याख्या आठवा. कार्याच्या आधी जे नेमानं असतं ते कारण. पण नैयायिक लगेच सावध करतात. कुंभाराकडे माती गाढवाच्या पाठीवरून आली, तर मडक्याच्या आधी गाढव होतंच. म्हणून गाढव मडक्याचं कारण ठरतं का? नाही. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी मडकं झालंच असतं. अशा गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आता वैद्यकात कुंभार कोण आणि गाढव कोण, ते पाहू.

१९७१ साली महमूद फतल्ला या इजिप्शियन डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक कल्पना मांडली. दर महिन्याला बीज बाहेर पडताना अंडाशयाच्या पृष्ठभागाला बारीक जखम होते आणि ती भरून येते. पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि विभागताना चुका होण्याची शक्यता वाढत जाते. या कल्पनेला आधार मिळत गेला. गरोदरपणात आणि बऱ्याच अंशी स्तनपानाच्या काळात बीज बाहेर पडणं थांबतं, आणि ज्या स्त्रियांना मुलं झाली आहेत त्यांच्यात हा आजार कमी आढळतो. गर्भनिरोधक गोळ्याही तेच थांबवतात. २००८ मध्ये २१ देशांतल्या ४५ अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. गोळ्या घेतल्याच्या दर पाच वर्षांमागे धोका साधारण एक पंचमांश कमी होतो, असं त्यात दिसलं. आणि गंमत म्हणजे, सतत अंडी देणाऱ्या पाळीव कोंबडीलाही हा कर्करोग बऱ्याच प्रमाणात होतो.

'गोळ्या घेतल्या म्हणून झालं' हा आरोप इथेच कोसळतो. आता या गोळ्यांचे दुसरे धोके आहेत, त्या चालू असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. त्यामुळे केवळ प्रतिबंध म्हणून त्या आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत. पण अंडाशयाच्या बाबतीत त्यांची बाजू संरक्षणाची आहे.

पुढे गोष्टीला वेगळंच वळण लागलं. २००१ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या काढून टाकलेल्या बीजवाहिन्या तपासल्या. कर्करोगाच्या दिशेनं बदललेल्या पेशी त्यांना तिथे सापडल्या. आज असं मानलं जातं, की या आजाराचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत घातक आहे, तो पुष्कळदा बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो आणि मग अंडाशयावर पसरतो. म्हणजे ज्याच्या नावानं आपण आजार ओळखतो, तो अवयव पुष्कळदा दुसरा मुक्काम असतो. दुसरे काही प्रकार एन्डोमेट्रिऑसिसशी जोडलेले आहेत. थोडक्यात, नाव एक असलं तरी आजार अनेक आहेत, आणि अनेक आजारांचं एकच कारण शोधत बसणं हीच पहिली गफलत.

मग आनुवंशिकता. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी हाती लागलं. सर्वसाधारणपणे १०० स्त्रियांत एखाद-दुसरीला आयुष्यात हा आजार होतो. पण बीआरसीए-१ मध्ये घातक दोष असेल, तर हा आकडा ४० च्या आसपास जातो. हे फार मोठं कारण झालं. तरीही लक्षात घ्या, त्याच १०० मधल्या सुमारे ६० जणींना अंडाशयाचा कर्करोग होत नाही. नैयायिकांच्या भाषेत 'नियत' म्हणावं असं हे कारणही नाही.

आणि गाढवाचं काय? टाल्कम पावडरचा प्रश्न घ्या. जननेंद्रियांपाशी पावडर वापरणं आणि हा आजार यांचा संबंध १९८२ पासून चर्चेत आहे. अडचण अशी, की आजारी माणूस भूतकाळ अधिक कसून आठवतो. २०२० मध्ये सुमारे अडीच लाख अमेरिकन स्त्रियांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा एकंदरीत ठोस संबंध दिसला नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. गाढव की कुंभार, हा वाद मिटलेला नाही. पण पावडर सोडण्यात तोटा काहीच नाही, म्हणून सोडावी. व्यवहारातला निर्णय सिद्धान्त पक्का होईपर्यंत थांबत नाही.

आता आजचा मुख्य मुद्दा. समजा, एखाद्या गोष्टीनं धोका दीडपट होतो. म्हणजे १००० जणींत १० ऐवजी १५ जणींना आजार झाला. उरलेल्या ९८५ जणींनी तेच केलं आणि त्यांना काही झालं नाही. ज्या १५ जणींना झालं, त्यांतल्या १० जणींना ती गोष्ट नसतीच तरीही झालं असतं. त्या १० कोणत्या आणि ५ कोणत्या? कोणतीही तपासणी हे सांगू शकत नाही. समूहाबद्दलचं विधान खरं असतं. पण तेच विधान समोरच्या एका बाईवर लावून 'तुला मूल नाही म्हणून झालं' असं म्हटलं, की ते ज्ञान राहत नाही. तो नुसता ठपका होतो. 'धोका वाढवणारा घटक' आणि 'अपराध' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मग या कारणांचा उपयोग काय? मागे बोट दाखवण्यासाठी नाही, पुढचं पाहण्यासाठी. तीन गोष्टी सांगतो.

पहिली : घराण्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग कुणाला झाला होता का, हे विचारा. आणि वडिलांच्या बाजूलाही विचारा. आपल्याकडे 'बायकांचा आजार' म्हटलं की फक्त आई, मावशी, आजी एवढीच चौकशी होते. पण हे जनुक वडिलांकडूनही तितकंच येतं. आत्याचा आजार भाचीच्या कामाचा असतो. अशी माहिती हाती असेल तर डॉक्टरांशी बोलून जनुकीय सल्ला घेता येतो.

दुसरी : निरोगी स्त्रियांसाठी आज भरवशाची चाळणी-तपासणी नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी वापरून मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. आणि पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते. ती ठीक आली म्हणून अंडाशयही ठीक, असं समजू नका.

तिसरी : पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं. ही लक्षणं नव्यानं सुरू झाली आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज राहिली, विशेषतः पाळी गेल्यानंतर, तर 'गॅस झालाय' म्हणून ओव्याच्या पाण्यावर दिवस काढू नका. बहुतेक वेळा दुसरंच काही साधं निघेल. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

'हिलाच का झालं?' या प्रश्नाला बहुतेकदा प्रामाणिक उत्तर एवढंच असतं, की या एकीच्या बाबतीत ते सांगता येत नाही. हे उत्तर अपुरं वाटेल. पण खोट्या कारणाचं ओझं आजारी माणसाच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पुढच्या वेळी आपण 'योगायोग' या शब्दाकडे वळू.