पैलवानाचं वजन घटवा, पण पाणी तोडून नव्हे



या पानावर आम्ही एरवी खत, बियाणे आणि फवारणीविषयी लिहितो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण तो तुमच्याच घरातला आहे. ज्या गावात तालीम आहे, त्या गावात तर तो घरोघरी आहे.

मागच्या उन्हाळ्यात मातीचे नमुने घेण्यासाठी एका गावी गेलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. गुरेसुद्धा सावलीला बसलेली. अशा उन्हात बांधाकडेच्या रस्त्याने एक पोरगा पळत होता. अंगात स्वेटर आणि स्वेटरच्या आत खताच्या पोत्यातलं प्लास्टिकचं अस्तर. वडील झाडाखाली उभे होते. मी विचारलं, "तात्या, हे काय चाललंय?"

तात्या म्हणाले, "साहेब, परवा निवड चाचणी हाय. ५७ किलोत खेळायचंय, पोरगं ६० भरतंय. कालपासून पाणी तोडलंय. उतरंल आज-उद्यात."

त्यांच्या बोलण्यात काळजी नव्हती, कौतुक होते. मी एवढेच म्हणालो, की तात्या, आधी पोराला सावलीत घ्या आणि पाणी द्या. पण असे का, हे पटवून सांगण्याइतकी माहिती त्या दिवशी माझ्याजवळ नव्हती. मी शेतीचा डिप्लोमावाला, डॉक्टर नव्हे. म्हणून घरी आल्यावर याविषयी मिळेल ते वाचत गेलो. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

मक्याच्या मुलखातले संशोधन

जत्रेच्या फडात काटा नसतो. जाणती मंडळी नजरेने जोड लावतात. पण स्पर्धेची कुस्ती वजनगटात होते. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेही वजनगटातच. गट आला की काटा आला आणि काटा आला की एक किलो खाली सरकून हलक्या गड्याशी भिडण्याचा मोहही आला. हा मोह आपल्याकडेच आहे असे नाही.

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. मका, सोयाबीन आणि डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. तिथे शाळाशाळांतून कुस्ती चालते. तिथल्या विद्यापीठातील संशोधकांनी शाळेत कुस्ती खेळणाऱ्या सातशेहून अधिक मुलांची वजने नोंदवून पाहिली. तो अभ्यास १९७० साली प्रसिद्ध झाला. मुले अडीच आठवड्यांत सरासरी तीन किलो वजन उतरवत होती आणि त्यातले बरेचसे स्पर्धेच्या तोंडावरच्या दिवसांत. वजन कसे उतरवायचे हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. प्रशिक्षक आणि बरोबरीची पोरे सांगतील तसे ती करत होती. म्हणजे आपल्या तालमीत चालते तेच तिथेही चालत होते.

तीन पोरे गेली

संशोधकांनी धोका सांगितला, पण पद्धत काही बदलली नाही. १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांत कॉलेजात शिकणारे तीन मल्ल महिना-सव्वा महिन्याच्या आत दगावले. तिघेही वजन उतरवत होते. घाम बाहेर जाऊ न देणारा सूट अंगात घालून गरम जागेत जोराचा व्यायाम चालू होता. त्यातला एक जण बारा तासांत सुमारे सात किलो कमी करायला निघाला होता.

हे का घडते ते समजून घ्या. अंगातला घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. माठातले पाणी गार होते तसेच हे आहे. माठाला बाहेरून प्लास्टिक गुंडाळले तर पाणी गार होईल का? पोराच्या अंगात प्लास्टिक घातले की घाम गळतो पण वाळत नाही. अंगातले पाणी जाते आणि उष्णता मात्र आतच कोंडते. पाणी कमी झाल्याने रक्ताचे प्रमाण घटते, हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडे अडचणीत येतात. अशा वेळी पैलवानाची ताकद कामाला येत नाही. ते तिघेही धडधाकट होते.

डोक्यावर होणारा परिणाम

आता तात्यांसारख्यांना सर्वांत जास्त पटेल अशी गोष्ट सांगतो. न्यूयॉर्क राज्यातील इथाका कॉलेजात विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मिळून एक प्रयोग केला. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. आपण प्रात्यक्षिक प्लॉट घेतो, तेव्हा एका पट्ट्यात नवे खत घालतो आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवतो. तसेच त्यांनी केले. एका बाजूला पंधराएक मल्ल घेतले, ज्यांनी झटपट किमान पाच टक्के वजन उतरवले. दुसऱ्या बाजूला जवळपास तितकेच साधे विद्यार्थी ठेवले. वजन उतरवण्याआधी, उतरवल्यावर आणि पुन्हा खाणेपिणे झाल्यावर अशी तीन वेळा सर्वांची तपासणी केली.

वजन उतरवलेल्या मल्लांची आत्ताची गोष्ट आत्ता ध्यानात ठेवण्याची शक्ती कमी पडली. त्यांची मनःस्थितीही बिघडली. पुन्हा पाणी आणि अन्न पोटात गेल्यावर मात्र ते पूर्वीसारखे झाले. बिघाड त्या उपासातला आणि तहानेतला होता, पोरांतला नव्हता.

बंधूंनो, पाच टक्के म्हणजे किती? साठ किलोच्या पोराचे तीन किलो. तात्यांच्या पोराचा हिशेब नेमका तोच होता. हलक्या गड्याशी खेळायला मिळावे म्हणून आपण पोराला तहानलेला, चिडलेला आणि डाव विसरणारा करून आखाड्यात सोडतो. यात फायदा कोणाचा?

ओलावा मोजणारे नियम

त्या तीन मृत्यूंनंतर अमेरिकेतील कॉलेजांच्या क्रीडा संघटनेने १९९८ मध्ये नियम बदलले. रबरी सूट, तापवलेल्या खोल्या आणि लघवीवाटे पाणी काढणारी औषधे यांवर बंदी आली. वजन कुस्तीच्या थोडाच वेळ आधी होऊ लागले. हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरवायचे आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त घट होऊ द्यायची नाही, असे ठरले.

किमान वजन ठरवताना आधी लघवीची घनता तपासतात. ती १.०२० च्या वर गेली तर पोरगा सुकलेला आहे असे समजून ते वजन धरतच नाहीत. बाजार समितीत सोयाबीनचा ओलावा आधी मोजतात, मगच भाव होतो. तसेच हे समजा. फरक एवढाच, की सोयाबीन वाळले तर टिकते, माणूस वाळला तर टिकत नाही.

याचा उपयोग झाला का? १९९२ साली तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत मल्लांचे वजन काट्यावरून उतरल्यापासून कुस्ती लागेपर्यंत सरासरी साडेतीन किलोंहून अधिक वाढत असे. म्हणजे तेवढे पाणी आणि अन्न आधी तोडलेले असे. १९९९ साली ही वाढ एक किलोच्या आत आली. खेळ बंद पडला नाही, कुस्त्याही फिक्या झाल्या नाहीत.

तरी हा प्रश्न संपलेला नाही. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपली विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली होती. रात्रभर धडपड करूनही सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद ठरली. सोबत जाणकार माणसे असतानाही शेवटच्या रात्रीची धडपड अशी दगा देते. आपल्या गावात तर सोबत जाणकारही नसतात.

गावात काय करता येईल?

१. कोणत्या गटात खेळायचे हे हंगामाच्या सुरुवातीलाच वस्ताद, पालक आणि पोरगा यांनी बसून ठरवावे. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी नव्हे.

२. वजन उतरवायचेच असेल तर साठ किलोच्या पोराने आठवड्याला ९०० ग्रॅमपेक्षा जास्त उतरवू नये. ही घटसुद्धा खाण्याच्या बेताने व्हावी, पाणी तोडून नव्हे. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये.

३. तालमीत एक काटा आणि एक वही ठेवावी. काटा नसेल तर सोसायटीतला काटा वापरावा. सरावाच्या आधी आणि नंतर वजन लिहावे. मधल्या काळात कमी झाले ते पाणीच. ते पाणी पोराला परत मिळाले पाहिजे.

४. लघवी गर्द पिवळी होत असेल तर पोरगा सुकला आहे असे समजावे. पीक माना टाकते तसाच हा इशारा आहे.

५. प्लास्टिक, रबरी सूट, भर उन्हात पळणे आणि लघवीच्या गोळ्या यांवर तालमीत सरळ बंदी घालावी.

६. पळता पळता पोरगा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला तर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

सरपंच आणि ग्रामसेवक यांना एक विनंती आहे. जत्रेत कुस्त्यांसाठी गाव हजारोंची इनामे लावते. त्यातली थोडी रक्कम काट्यासाठी, पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी आणि हंगामाच्या सुरुवातीला डॉक्टरांकडून पोरांची एकदा तपासणी करून घेण्यासाठी बाजूला काढावी. शाळेतील खेळाच्या शिक्षकांनी वजनाची वही सांभाळली तर उत्तमच. पोलीस भरतीसाठी पहाटे-संध्याकाळी पळणाऱ्या मुलामुलींनाही ही पाण्याची गोष्ट तितकीच लागू आहे.

तात्यांच्या पोराचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. वस्तादांनी ऐकले आणि पोरगा ६१ किलोच्या गटात उतरला. पहिली कुस्ती जिंकला, दुसरीत गुणांवर हरला. तात्या माझ्यावर जरा नाराज होते. पण परवा मातीचा अहवाल द्यायला गेलो तेव्हा पोरानेच तांब्या भरून पाणी आणले. मी म्हणालो, "पैलवान, आधी तुम्ही प्या." तो हसला आणि प्याला.

पिकाला पाण्याचा ताण कधी द्यायचा आणि कधी द्यायचा नाही, हे तुम्हाला मी शिकवायला नको. फुलोऱ्यात आलेल्या पिकाचे पाणी कोणी तोडत नाही. घरातले पोरगेही आज फुलोऱ्यात आहे, एवढे ध्यानात असू द्या.